काळारामाच्या गावात खलपात्र काळंच कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिंहस्थ जवळ येतो आहे. पंचवटीच्या कथेवर छोट्या ॲनिमेशन फिल्म करायचं अनेक शाळा-महाविद्यालयांच्या आणि हौशी कलाकारांच्या मनात असेल, आणि ते चांगलंच आहे. पण या कथेवरच्या चित्रांचा एक साचा ठरून गेला आहे. राम गोरा किंवा आकाशी, राक्षस काळाकुट्ट, सुळे बाहेर आलेले, भुवया जुळलेल्या, शिवाय एखादा डोळा अधू नाहीतर पाय लंगडा. काळ्या पाषाणातल्या रामाला रोज हात जोडणाऱ्या गावात मुलांना हे दाखवावं, याचं आम्हाला वाईट वाटतं. आम्ही ॲनिमेशन शिकवतो, म्हणून यात तंत्र कुठे चुकतं तेही सांगायला हवं.

श्यामवर्ण नायक टाळण्यामागे बऱ्याचदा प्रकाशाची अडचण असते. नेहमीची प्रकाशयोजना गव्हाळ त्वचेला चालते. तीच सावळ्या चेहऱ्याला लावली की नाक, गाल, हनुवटी सगळं एका डागात मिसळून जातं. मग कलाकार सगळे लाइट वाढवतो. त्याने पांढरं वस्त्र आणि दागिने जळून जातात, त्वचा राखाडी पडते आणि शेवटी रंगच बदलून टाकला जातो. याचा उपाय गाभाऱ्यात दिसतो. काळ्या दगडाची मूर्ती उठून दिसते ती घोटीव कडांवरच्या चकाकीमुळे. गाल, खांदा, बोटं, सगळ्यांचा आकार त्या चकाकीनेच कळतो. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच करायचं. त्वचेचा मूळ रंग पूर्ण काळ्यापर्यंत नेऊ नका. रफनेस, म्हणजे पृष्ठभागाचा खरखरीतपणा, 0.6 असेल तर 0.35 ते 0.4 पर्यंत उतरवा. समोरचा लाइट वाढवण्याऐवजी पात्राच्या बाजूला, किंचित मागे, दोन मीटरचा मोठा एरिया लाइट, म्हणजे पसरट मऊ प्रकाश देणारा दिवा, ठेवा आणि पार्श्वभूमी त्वचेपेक्षा एक-दोन पायऱ्या उजळ करा. रंग तोच राहतो आणि चेहरा बोलायला लागतो.

रंगाचे अर्थ जगभर सारखे नसतात, हेही विसरलं जातं. परदेशी कार्टूनमधल्या दुष्टांमुळे हिरवा-जांभळा प्रकाश म्हणजे कपट, असं आपल्याकडेही धरून चालतात. कथकलीत हिरव्या चेहऱ्याचं 'पच्चा' पात्र हे सज्जन, धीरोदात्त असतं. आपल्याकडे लाल म्हणजे कुंकूही आणि रक्तही. तेव्हा नुसत्या रंगावर खलपात्र उभं केलं तर ते डळमळणारच.

आकारांचं तसं नाही, ते बऱ्यापैकी सगळीकडे कळतात. गोलाई आपुलकीची वाटते, चौकोन भक्कम वाटतो, खाली टोक आलेला त्रिकोण बोचतो. पात्र पूर्ण काळं भरून फक्त छायाकृती पाहा. तेवढ्यावरून स्वभावाचा अंदाज आला पाहिजे. धिप्पाड पात्राचं डोकं थोडं लहान ठेवलं की धड आपोआप अजस्र दिसतं, त्यासाठी सुळे लागत नाहीत. मात्र सगळेच खल टोकदार आणि सगळेच सज्जन गोलमटोल केले, तर दुसऱ्या मिनिटाला मुलाला शेवट कळलेला असतो.

पंचवटीची कथा तर नेमकी याच्या उलट आहे. इथे संकट सुंदर रूपात येतं. मारीच सोन्याचा मृग होऊन येतो, रावण भिक्षा मागणारा साधू होऊन. सीता फसते, कारण समोरचं रूप चांगलं आहे. साधूच्या डोळ्यांत पहिल्याच शॉटला लाल ठिणगी दाखवली, तर सीता भोळी ठरते आणि कथेचा जीव जातो. प्रेक्षकाला अस्वस्थ वाटावं, पण बोट ठेवता येऊ नये, एवढंच साधायचं आहे.

साधूचा प्रवेश घ्या. कॅमेरा पर्णकुटीच्या आत, सीतेच्या कमरेच्या उंचीवर. उतरतं ऊन साधूच्या मागून, तिरकं. सूर्य क्षितिजापासून 20 अंशांवर ठेवला तर सहा फुटी माणसाची सावली सुमारे साडेसोळा फूट पडते. म्हणजे तो अंगणातच असतो आणि सावली उंबरा ओलांडून आत आलेली असते. ती दिसण्याआधी दोन सेकंद पाखरांचा आवाज थांबवा. हळूहळू कमी करू नका, एकदम थांबवा. सीतेचा चेहरा 50 मिलिमीटर लेन्सवर, तिच्या डोळ्यांच्या पातळीवरून घ्या. साधू 24 मिलिमीटरवर, जवळून, 10 ते 15 अंश खालून. जवळ नेलेली वाइड लेन्स पुढची वस्तू फुगवते. त्यामुळे भिक्षापात्र धरलेला हात चेहऱ्यापेक्षा मोठा होतो आणि तो हात पुढे काय करणार आहे हे आपल्याला माहीत असतं. इथे एक चूक फार होते. दोघांमधली काल्पनिक रेषा ओलांडून कॅमेरा पलीकडे जातो आणि दोघंही एकाच दिशेला पाहत असल्यासारखी दिसतात. स्टोरीबोर्डवरच, म्हणजे शॉटच्या कच्च्या चित्रांवरच, कोण कुठे बघतं याचे बाण काढून ठेवा.

प्रकाशाचं प्रमाण सीतेसाठी मुख्य लाइट 400 वॅट आणि सावली उजळणारा फिल 200 वॅट असं ठेवा. साधूसाठी मुख्य लाइट तोच, फिल 50 वर. लाइटचा आकार आणि अंतर मात्र बदलायचं नाही, नाहीतर आकड्यांना अर्थ उरत नाही. खालून चेहऱ्यावर प्रकाश टाकायचा जुना प्रकार इथे नकोच. तो भडक वाटतो, शिवाय समईजवळ बसलेली सीताही त्यात भेसूर दिसते. समईचा प्रसंग असेल तर ज्योतीचा रंग उबदार ठेवून वरून मऊ फिल द्या.

आता डोळे. पापणी मिटायला 2 फ्रेम, मिटलेली 1, उघडायला 3, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशेबात पाव सेकंद. सीतेची पापणी दोन-तीन सेकंदांनी लवू द्या. साधूची 8 सेकंद, म्हणजे 192 फ्रेम, लवायची नाही. पण चेहरा पूर्ण गोठवलात तर व्हिडिओ अडकला असंच वाटेल. म्हणून मान एखादा अंश सावकाश झुकत राहिली पाहिजे, श्वासाने खांदा किंचित हलला पाहिजे. साधूच्या बुबुळातला पांढरा ठिपका काढून टाका. द्विमितीत तो वेगळ्या लेयरवर असतो, लेयर बंद केला की झालं. मोबाइलच्या पडद्यावर अख्खा डोळा काळं भोक दिसायला लागला, तर बुबुळाची खालची कड जराशी उजळ ठेवा.

हालचालीतही हाच भेद ठेवता येतो. सज्जन पात्राचा हेतू हालचालीआधी दिसतो. सीता भिक्षा द्यायला वळते त्याआधी 8 ते 10 फ्रेम तिचा तोल बदलतो. साधूच्या हाताला ही पूर्वतयारी 2 फ्रेमपेक्षा जास्त देऊ नका, म्हणजे तो मनगट धरतो तेव्हा प्रेक्षक दचकतो.

मृगाचं काम जास्त अवघड आहे. तो खरोखर देखणाच हवा. खऱ्या हरणाचे कान सतत फिरत असतात, चरताना तर आणखीच. आधी तीन-चार सेकंद साधी हरणं दाखवा, कान हलणारी, पावलं कमी-जास्त पडणारी. मग सुवर्णमृग आणा. त्याचे कान स्थिर, आणि प्रत्येक उडी मोजून त्याच 12 फ्रेमची. आधीची हरणं दाखवली नाहीत, तर हाच शॉट कंटाळा केल्यासारखा दिसेल, कारण तुलना करायला काही नसतं.

आवाजाबद्दल थोडक्यात. 40-60 हर्ट्झचा घुमारा चित्रपटगृहात अंगावर येतो, पण फोनच्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही. मुलं फोनवर पाहणार असतील तर तोच सूर 200 ते 400 हर्ट्झच्या पट्ट्यातही भरा. आणि राक्षसांना गावरान बोली, रामाला पुस्तकी मराठी, हे कृपा करून थांबवा. बागलाण-मालेगावच्या मुलाने घरची अहिराणी फक्त दुष्टांच्या तोंडी का ऐकावी?

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या 1917 च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके यांनीच राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. वेश, चाल आणि मांडणी यांच्या जोरावर एकाच चेहऱ्यातून दोन माणसं उभी राहिली. आज तर आपल्या हाताशी मोफत ब्लेंडर आहे.

फिल्म करणाऱ्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. पूर्ण झालेल्या फिल्मचा रंग काढून ती कृष्णधवल करा, आवाज बंद करा आणि कथा माहीत नसलेल्या दोन मुलांना दाखवा. कुठल्या क्षणी भीती वाटली ते विचारा. साधू दारात येताक्षणीच वाटली असेल, तर त्या शॉटमधला फिल 50 वरून 100 वॅट करा आणि पुन्हा दाखवा. हात पकडेपर्यंत काहीच वाटलं नसेल, तर पापण्या तपासा, त्या कुठेतरी लवत असतील.

आपले,
ॲनिमेशन शिकवणारे काही शिक्षक, नाशिक