मोकळी जागा उरते फक्त नकाशात

संपादक साहेब, नमस्कार. जळगावच्या कडेला जिथं परवापर्यंत कपाशी उभी होती तिथं आता नुसते प्लॉटचे दगड दिसताय. घरांना विरोध नाही आमचा, पोरांना लागतीलच, पण ही काळी जमीन, पाणी लवकर मुरत नाही आणि नाला बुजवून लेआउट टाकला तर पावसाचं पाणी आमच्याच गल्लीत शिरणार ना. 4,000 चौरस मीटर किंवा मोठा लेआउट असला तर 10 टक्के मोकळी जागा सोडायचा नियम आहे, सोडतात पण, कोपऱ्यातली खड्ड्यातली, जी विकलीच जात नाही ती! 1966 च्या नगररचना कायद्यात विकास आराखड्यावर हरकत घेता येते, पण नोटीस वाचतो कोण? नकाशा गट नंबरसकट गावच्या चावडीवर लावा, मग बघा किती हरकती येतात.

एक वाचक, जळगाव