बाळंतिणीच्या मनाचीही विचारपूस व्हावी: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सादर नमस्कार.

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आली होती. शेक-शेगडी, तेल लावणे, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, यांत मी काही कमी पडू दिले नाही. मात्र तिसऱ्या आठवड्यापासून ती बाळाला पाजून झाले की भिंतीकडे तोंड करून पडून राही, बाळ निजले तरी तिचा डोळा लागत नसे, आणि ‘आई, मला हे जमणार नाही’ एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणे. ओली बाळंतीण आहे, थकली असेल, असे समजून मी ते मनावर घेतले नाही. प्रसूतीनंतरचे नैराश्य असे निदान व्हायला चौथा महिना उजाडला. उपचारांनी ती आज बरी आहे, पण मधले ते तीन महिने माझ्या डोळ्यांदेखत गेले, हे मी विसरू शकत नाही.

त्या दिवसांत आशाताई आमच्याकडे नेमाने येत होत्या. गृहस्तरीय नवजात बालक काळजी कार्यक्रमानुसार, दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आशा घरी येतात. त्यांनी बाळाचे वजन केले, ताप पाहिला, दुधाची चौकशी केली; जे काम त्यांना दिले होते ते त्यांनी चोख केले. ‘गेल्या दोन आठवड्यांत फार उदास वाटते का, कशातच मन लागत नाही का’ असे मुलीला एकांतात विचारण्याचे काम त्यांना कोणी दिलेलेच नव्हते.

गोव्यातील मातांचा एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले, आणि त्यांतील बहुतेकींना मानसिक त्रास गरोदरपणातच होता. म्हणून ही विचारपूस गरोदरपणाच्या तपासणीपासून सुरू व्हावी आणि आशाताईंच्या 14 व्या व 42 व्या दिवसाच्या भेटीत पुन्हा केली जावी, अशी माझी विनंती आहे. यासाठी आशाताईंना प्रशिक्षण मिळावे आणि वाढीव मोबदलाही मिळावा, कारण त्यांच्यावर आधीच कामाचा मोठा बोजा आहे. शिवाय त्रास आढळलेल्या बाईला पाठवायचे कोठे, हे ठरलेले नसेल तर विचारणेही व्यर्थ आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरावीक वारी समुपदेशक भेटलाच पाहिजे.

टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा 14416 हा क्रमांक 2022 पासून आहे, त्याचा उपयोग मी नाकारत नाही. परंतु जिच्या हाती स्वतःचा फोन नाही, किंवा सासूसमोर बोलण्याची सोय नाही, तिच्यासाठी दारात येणारे ओळखीचे माणूसच उपयोगी पडते. गोव्यात गावातल्याच बायकांना शिकवून नैराश्य आलेल्या गरोदर स्त्रियांकडे पाठवण्याचा प्रयोग झालेला आहे. आपल्याकडे बचत गटांतील अनुभवी बायका हे काम आनंदाने करतील.

जावईबापूंनाही त्या काळात काय करावे हे कळत नव्हते. ते पुण्याहून रविवारी येत आणि गप्प बसून परत जात. 42 व्या दिवसाच्या भेटीला शक्य तेथे वडिलांनाही बोलवावे आणि त्यांचीही विचारपूस करावी, एवढे या मागणीत जोडते.

आपली नम्र,
एका बाळंतिणीची आई