दादा, तुम्ही ओरडला नाहीत

दादा नमस्कार,

नाव लिहू नका असं तुम्हीच बजावलंय, म्हणून नुसतं दादा. नगरच्या टँक म्युझियममध्ये रविवारी जाणाऱ्यांना कळेल कुणाबद्दल चाललंय ते, आणि नाही कळलं तरी चालेल. (अहिल्यानगर म्हणायला हवं आता, पण आमच्या तोंडून अजून नगरच निघतं.) फोनवर थँक्यू म्हणाले तर तुम्ही "अहो त्यात काय" म्हणून विषयच बदललात, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. आता बदला विषय.

वाचणाऱ्यांसाठी आधी आप्पांबद्दल थोडं. आप्पा, म्हणजे माझे वडील, 1969 ला ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, भरती झाले, सिकंदराबादला ट्रेनिंग, काम रणगाड्यांच्या मेकॅनिकचं. एकाहत्तरच्या लढाईत पाकिस्तानातल्या शकरगडच्या बाजूला होते, हातात पाना घेऊन. तिथली बसंतरची लढाई म्हटलं की सगळ्यांना सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आठवतात, आणि आठवायलाच हवेत, एकवीस वर्षांचा पोरगा, रणगाड्याला आग लागली तरी मागे फिरला नाही, परमवीर चक्र मिळालं ते मरणानंतर. पण चिखलात रुतलेले नाहीतर सुरुंगावर ट्रॅक तुटलेले गाडे रात्रीत ओढून आणायचे, सकाळपर्यंत परत उभे करायचे, हे करणारी माणसंही तिथेच आसपास होती, त्यांना कोण विचारतो. पुढे आप्पांनी बरीच वर्षं विजयंता रणगाड्यांवर काढली, 1987 ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले आणि गावात ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान टाकलं. उजवा कान मात्र फौजेतच ठेवून आले. इंजिन टेस्ट करताना कानात कापसाचे बोळे, बाकी काय होतं तेव्हा. डाव्या कानाने अजूनही नीट ऐकू येतं, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ज्यांचे आभार मानायचे नाहीत ते.

पेन्शनच्या कागदात आईची जन्मतारीख चुकलेली. आप्पांचं म्हणणं एवढंच की माझ्यामागे हिला दारोदार फिरायला लागू नये. त्यासाठी एका कार्यालयात खेटे चालू होते, हे आणा ते आणा, आज साहेब नाहीत, सर्व्हर डाऊन, तुम्हाला सगळ्यांना माहितीच आहे. एकदा मीही सोबत होते. काचेला हाताएवढं भोक, आतला माणूस कॉम्प्युटरकडे तोंड करून पुटपुटणार आणि आपण समजून घ्यायचं. आप्पांनी "काय म्हणालात?" विचारलं. परत विचारलं. तर तो एवढ्या मोठ्याने ओरडला की अख्खी लाईन वळून बघायला लागली, "आजोबा, ऐकू येत नाही तर घरून कुणाला तरी घेऊन यायचं ना!" अरे बाबा, मी शेजारीच उभी होते की. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं पण. आप्पा काही बोलले नाहीत, फाइल पिशवीत घातली आणि जिना उतरायला लागले. त्यानंतर त्या कार्यालयाचं नाव काढलं की "जाऊ दे, होईल तेव्हा होईल" एवढंच.

सत्कार वेगळेच. पंधरा ऑगस्टला एके ठिकाणी बोलावलं, पाहुणे येईपर्यंत भर उन्हात खुर्चीवर बसवून ठेवलं आणि शेवटी माईकवर "कारगिलचे वीर" म्हणून पुकारलं. 1987 ला रिटायर झालेला माणूस कारगिलला कसा जाईल हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. शाल, नारळ, फोटो, आणि पाहुणे पुढच्या कार्यक्रमाला. फोटोत आप्पा अर्धे कापलेत. त्या शालीवर आता आमचं मांजर झोपतं.

तर अशा मूडमध्ये असलेल्या माणसाला मी तुमच्याकडे आणलं होतं. शेजारच्या माजी सैनिक काकांनी सांगितलं होतं की म्युझियममध्ये रविवारी एक जण येतात, पगार नाही काही नाही, म्हाताऱ्या फौजींना हाताला धरून फिरवतात आणि कुणाचे कागद अडले असतील तर बघतात. कागदाचं सांगितलं असतं तर आप्पा आलेच नसते. रणगाडे बघायला चला म्हटलं. गंमत म्हणजे म्युझियम सुरू झालं 1994 ला, आप्पांच्या रिटायरमेंटनंतर, आणि आयुष्य रणगाड्यांखाली घालवलेला हा नगर जिल्ह्यातला माणूस तिथे एकदाही गेला नव्हता. "लोखंडच आहे, काय बघायचं" म्हणायचे.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जाऊन या खरंच. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स रॉईस सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडीपासून पासष्टला पाकिस्तानकडून पकडलेल्या पॅटन रणगाड्यापर्यंत पन्नासच्या आसपास गाडे आहेत, आणि ते नुसते मांडून ठेवलेत, काचेबिचेत नाहीत. लोक तोफेच्या नळीखाली उभं राहून सेल्फी काढतात. आप्पा विजयंतापाशी आले आणि नळीकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ मागच्या बाजूला गेले, इंजिन असतं तिकडे, आणि तिथेच थांबले.

आणि मग ते झालं ज्यासाठी हे पत्र. दादा, तुम्ही त्यांच्या उजव्या बाजूला उभे राहून काहीतरी सांगत होतात. आप्पांनी मान वळवली, थोड्या वेळाने परत वळवली. मी आता सांगणारच होते की त्या कानाने येत नाही म्हणून, नेहमी मीच सांगते. पण तुम्ही बोलता बोलताच त्यांच्या मागून फिरून डाव्या बाजूला आलात आणि तेच वाक्य पुढे चालू ठेवलंत, आवाज तेवढाच. बस, एवढंच. "ऐकू येत नाही का" नाही, "अच्छा अच्छा सॉरी" नाही, माझ्याकडे बघून मान हलवणं नाही. पुढे अख्ख्या फेरीत तुम्ही डावीकडेच. वळण आलं की परत फिरून डावीकडे. नंतर बाकावर बसलो तर मला म्हणालात, ताई तुम्ही जरा तिकडे सरका, आणि स्वतः डावीकडे बसलात. तुम्हाला वाटत असेल कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, आणि आप्पांच्याही आलं, घरी आल्यावर आईला पहिलं तेच सांगितलं.

तेवढ्यात ती शाळेची ट्रिप आली. तुम्ही सरांच्या कानात काहीतरी बोललात आणि पोरं बरोब्बर आप्पांच्या डाव्या हाताला गोळा झाली. एकाने विचारलंच, "आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले?" आप्पा म्हणाले, एकही नाही, मी इंजिनं दुरुस्त करायचो. पोरांचे चेहरे पडले. मग आप्पांनीच उलट विचारलं, या गाड्याच्या इंजिनाला सहा सिलिंडर, तर पिस्टन किती? सगळी ओरडली सहा. "बारा!" एका सिलिंडरमध्ये दोन, समोरासमोर, आणि एकमेकांवर चालून येतात, हे त्यांनी दोन मुठी एकमेकींकडे नेऊन दाखवलं. लेलँडचं इंजिन, तापायचं लई, तेल गळायचं, आणि आम्ही त्याला शिव्या घालत घालत चालू ठेवायचो, असलं काय काय. एका मुलीला पटेचना, तिला फरशीवर बोटाने चित्र काढून समजावलं. ते वाकून फरशीवर बसले तर! गुडघे दुखतात म्हणून देवळात खाली न बसणारा माणूस. तुम्ही बाजूला उभे, एक अक्षर मध्ये बोलला नाहीत.

आप्पांना इतकं सलग बोलताना मी तरी पाहिलं नव्हतं.

कागदाचं कसं झालं ते इथे लिहीत बसत नाही, कुठला फॉर्म, कुठे फोन, कुणाला भेटलात, मला स्वतःलाच अर्धं माहीत नाही. झालं एवढं खरं. आईची तारीख आता बरोबर आहे.

नंतर कळलं की तुम्ही स्वतः फौजेत नव्हतात, एस्टीत कंडक्टर होतात. मला हसूच आलं, कारण ओरडायची सवय लागायला हवी ती तुम्हाला, "पुढे सरका पुढे सरका" करून. आणि ज्यांना एसीत बसून चार शब्द बोलायचेत त्यांना आवाज आवरत नाही. शिक्षण, हुद्दा, पगार, याचा आणि माणसाशी नीट बोलण्याचा काही संबंध नसतो असं मला आता पक्कं वाटायला लागलंय. सव्वीस जानेवारीला डीपीवर तिरंगा लावणारे आमच्या ओळखीत ढीगभर आहेत, लावा, माझं काही म्हणणं नाही, पण त्यातल्या कितींनी आप्पांना कधी विचारलंय की तिकडे नक्की काय काम करायचात? तुम्ही विचारलंत, आणि उत्तर वहीत लिहून घेतलंत, तेही आप्पांच्याच शब्दांत. लिहिताना "पाना किती नंबरचा?" विचारलंत तेव्हा तर आप्पा एकदम खूशच.

आता कामाचं. आप्पा परत येणार म्हणतायत, या वेळी मला न विचारता, गावातल्या अजून दोघा फौजींना घेऊन. त्यातल्या एकांना दोन्ही कानांनी कमी येतं, तेवढं बघा. आणि आईने तुमच्यासाठी मासवड्या करायचं काढलंय, नको म्हणू नका, ती ऐकत नाही, तिचे कान चांगले असून. रस्सा तिखट चालतो का तेवढं फक्त कळवा, आमच्याकडचं तिखट जरा जास्तच असतं.

तुमची,
आप्पांची मुलगी