आमच्या जर्मनच्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

परवा जर्मनच्या ए-टू, म्हणजे दुसऱ्या पातळीच्या, परीक्षेचा निकाल लागला. पास व्हायला शंभरात 60 लागतात, लेकीला त्याहून बरेच जास्त पडले. लगेच तुम्हाला फोन लावला, पण माझ्या तोंडून धड शब्द फुटेना. म्हणून हे पत्र.

आठवीत संस्कृत की जर्मन, असं शाळेनं विचारलं तेव्हा तिनं हौसेनं जर्मन घेतलं. आधार म्हणून बाहेर एक क्लास लावला. तिथं वर्षाची फी आधी मोजून घेतली आणि मग पोरीच्या समोरच मला सुनावलं, "मराठी माध्यमाची आहे, हिला झेपणार नाही. संस्कृत द्या, मार्क तरी पडतील." त्या रात्री ती जेवली नाही. भाषा शिकवणाऱ्यानंच मुलाच्या भाषेला कमी लेखावं, याचा राग अजून माझ्या मनातून जात नाही.

तुम्ही तिची वही घरी नेलीत. परत आली तेव्हा प्रत्येक नाम लिंगाप्रमाणे रंगवलेलं होतं: पुल्लिंगी डेर निळा, स्त्रीलिंगी डी लाल, नपुंसकलिंगी डास हिरवा. इंग्रजी अर्थाशेजारी तुमच्या बारीक अक्षरात मराठी अर्थ. आणि खाली लिहिलं होतंत, "तो, ती, ते तुला लहानपणापासून येतं. मराठीच्या आठ विभक्ती पाठ असलेल्या मुलीनं जर्मनच्या चार विभक्तींना घाबरायचं नाही."

बाई, एवढ्यानं पोर उभी राहिली. दोन्ही भाषांतली लिंगं जुळत नाहीत, ती पाठच करावी लागतात. पण निर्जीव वस्तूलाही लिंग असतं, याचं तिला कधी नवल वाटलं नाही. सूर्य तिकडे स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी, हे कळलं त्या दिवशी घरभर सांगत फिरली. आता मराठीचं व्याकरणही आवडीनं वाचते; आधी त्या पुस्तकाला हात लावत नव्हती.

2024 मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जो तो नोकरीसाठी जर्मन शिका म्हणतो. नोकरी मिळाली तर आनंदच आहे. पण शाळेच्या वयात परकी भाषा शिकताना मुलाला आपली भाषा नव्यानं दिसते, ही कमाई मला मोठी वाटते. आणि ती प्रत्येक माध्यमाच्या मुलाला मिळायला हवी.

शिकवणीचे पैसे विचारले तर तुम्ही रागावलात. अशी माणसं अजून शाळाशाळांतून आहेत, कुणाच्या नजरेत न भरता वह्या तपासत बसलेली. त्यांच्या जिवावर आमच्यासारख्यांची मुलं पुढे जातात.

लेक आता बी-वन या पुढच्या पातळीच्या तयारीला लागली आहे. तिच्या आजीला तुम्हाला भेटायचंय. येत्या रविवारी सगळ्यांना घेऊन जेवायला या. नाही म्हणू नका.

आपली कृतज्ञ,
एका विद्यार्थिनीची आई