घर तारण ठेवण्याआधी

ब्राउनश्वाइग,
रविवार, दुपार

प्रिय मन्या,

परवा तू म्हणालास, अमेरिकेतून ॲडमिशन आलंय आणि काका घर तारण ठेवायला तयार आहेत. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. फोनवर घाईत सुचलं ते बोललो, आता सवडीनं लिहितो.

तू पाठवलेला रँकिंगचा तक्ता पाहिला. तसलाच तक्ता घेऊन मीही इकडे जर्मनीत यायच्या आधी रात्र रात्र जागलो होतो. तेव्हा मला कुणीतरी एवढंच विचारायला हवं होतं : डिग्री हातात पडली की दुसऱ्या दिवशी कोणत्या गावात, कोणत्या भाषेत, कुणाकडे अर्ज करणार आहेस?

अमेरिका वाईट नाही. इंग्रजीवर निभतं, आणि इंजिनिअरिंग असल्यामुळे ओपीटीची, म्हणजे शिक्षण झाल्यावर तिथेच काम करायची, १२ अधिक २४ अशी ३६ महिने मुभा मिळते. पण पुढे एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. वर्षाला ८५,००० जागा, त्यातल्या २०,००० तिथे मास्टर्स केलेल्यांसाठी. तुझा नंबर लागणं तुझ्या हुशारीवर नाही रे. घरावर कर्ज काढून असल्या गोष्टीच्या भरवशावर राहणं मला पटत नाही.

इथे सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नाही. मात्र सगळीकडे फुकट समजू नकोस. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या टीयूनं, म्हणजे तिथल्या तांत्रिक विद्यापीठानं, २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला दर सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो लावलेत. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाच्या गोठवलेल्या खात्यात, ११,९०४ युरो ठेवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या वर. पण ते तुझेच पैसे, दर महिन्याला ९९२ असे परत मिळतात.

आता खरं दुखणं सांगतो. माझा कोर्स इंग्रजीत होता, म्हणून जर्मन ए-वनवरच, म्हणजे पहिल्याच पायरीवर, सोडून दिलं. मार्क चांगले पडले. मग अर्ज करायला बसलो, तर जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत जर्मन बी-टू, नाहीतर सी-वन, म्हणजे चौथी-पाचवी पायरी. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो, त्यातले ११ महिने माझे भाषा शिकण्यातच गेले. आईला फोनवर "चाललंय" एवढंच सांगायचो. ते दिवस तुझ्या वाट्याला येऊ नयेत. ॲडमिशन येवो न येवो, मॅक्सम्युलर भवनची पुढची बॅच धर. चाकणहून शनिवार-रविवार जाणं जड आहे, माहीत आहे, तरी धर.

दुसरं, कोर्सच्या नावावर भुलू नकोस. मॉड्यूल हँडबुक, म्हणजे कोर्समधल्या विषयांची माहितीपुस्तिका, उघड आणि त्यात सक्तीची इंटर्नशिप आहे का ते बघ. ती अभ्यासक्रमाचाच भाग असल्यानं वर्षाला १४० दिवस कामाच्या मर्यादेत धरली जात नाही, आणि कंपन्याही अशा विद्यार्थ्याला सहज घेतात. मास्टर थीसिस कंपनीत करू देतात का, हेही विचार. माझ्या वर्गातल्या ज्यांना लगेच नोकरी लागली, त्यांतले बहुतेक जिथे थीसिस केला तिथेच चिकटले.

आणि नुसतं ऑटोमोटिव्ह नको, मन्या. तुझं बॉडी डिझाइनवरचं प्रेम मला ठाऊक आहे, कॉलेजात तू बोनेटचे आकार वहीच्या मागच्या पानावर काढायचास. पण माझ्या शेजारच्या वोल्फ्सबुर्गमध्ये मुख्यालय असलेली फोक्सवॅगन २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५,००० नोकऱ्या कमी करणार आहे. डिसेंबर २०२४ मध्येच तसा करार झाला. मेकॅनिकल घे, सोबत कंट्रोल्स आणि सॉफ्टवेअर घे. मी आज रेल्वे सिग्नलिंगमध्ये आहे ते कंट्रोल्सच्या दोन विषयांमुळेच. इथे ब्राउनश्वाइगमध्ये सीमेन्सचं सिग्नलिंग आहे, जवळच साल्झगिटरला आल्स्टोमचा गाड्यांचा कारखाना, आणि गावातच विमान संशोधनाचं मोठं केंद्र. गाव निवडताना असं एकाहून अधिक धंद्यांचं निवड.

एपीएसचं, म्हणजे आपली भारतातली डिग्री तपासल्याचं, प्रमाणपत्र लगेच मागव, त्याशिवाय व्हिसाचं पुढे सरकत नाही. तीन-चार कोर्सची हँडबुकं मला पाठव, मी ओळ न् ओळ वाचून कळवतो.

काकूंना नमस्कार सांग. काकांना म्हणावं, तारणाच्या कागदांवर सही करण्याआधी एकदा माझ्याशी बोला. तिकडे सकाळ असली आणि इकडे मध्यरात्र, तरी चालेल.

तुझाच,
पक्या