आई, मंगळवारची बायोप्सी पुढे ढकलू नको

आई, बाबा,

काल फोनवर आई एकदम गप्प झाली, मग बाबांनी सांगितलं की शेजारच्या काकू येऊन गेल्या, आईच्या छातीतल्या गाठीला सुई लावू नका, सुई लागली की कॅन्सर पसरतो म्हणाल्या, आणि आता मंगळवारची बायोप्सी दिवाळीनंतर पाहू असं तुमचं चालू आहे. मला रात्रभर झोप नाही. फोनवर बोलायला गेले तर रडूच येईल म्हणून लिहून राहिली आहे, बाबा तुम्ही आईला वाचून दाखवा.

आई, काकू मायेनंच बोलल्या गं, पण सुईनं पसरण्याची शक्यता इतकी कमी असते की त्यापायी कोणताच कॅन्सरचा डॉक्टर अशा गाठीची बायोप्सी टाळत नाही. तुझ्या मॅमोग्राफीच्या, म्हणजे छातीच्या एक्सरेच्या, रिपोर्टवर बायरॅड्स 4 हा गट लिहिलाय ना, त्याचा अर्थ कॅन्सर झालाच असा नाही, संशय आहे, तुकडा काढून तपासा एवढाच. या गटातल्या कितीतरी गाठी शेवटी साध्याच निघतात, पण ते फोटोवरून नाही कळत.

त्या दिवशी काय होईल तेही सांगते. जागा बधिर करायचं इंजेक्शन देतील, ते थोडं चुणचुणतं, मग सोनोग्राफीत बघत बघत सुई घालतात, स्टेपलरसारखा टक् आवाज येतो, दचकू नको, असे तीनचार तुकडे घेतात. टाके नसतात, सहसा त्याच दिवशी घरी. बाबा, आईची रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे हे डॉक्टरांना आधीच सांगा, आपल्या मनानं बंद करू नका. आणि नुसती एफएनएसी, म्हणजे बारीक सुईची तपासणी, करून घेऊ का असं विचारत होते तुम्ही, त्यात फक्त पेशी येतात, बायोप्सीत अख्खा तुकडा येतो आणि कॅन्सर निघालाच तर त्याच तुकड्यावर ईआर, पीआर, हर्टू या कॅन्सरचा प्रकार सांगणाऱ्या खुणा तपासतात, औषध कोणतं द्यायचं ते त्यावर ठरतं. म्हणून रिपोर्ट यायला वेळ लागतो, रोज फोन करून विचारत बसू नका.

रिपोर्टनंतर पेट स्कॅन, म्हणजे कॅन्सर अंगात कुठे पसरलाय का ते बघायचा स्कॅन, सांगितला तर घाबरू नका, तो सगळ्यांनाच लागतो असंही नाही. त्याला चारसहा तास उपाशी राहावं लागतं आणि शुगर आटोक्यात लागते, म्हणजे आई तुझा सकाळचा गोड चहा त्या दिवशी बंद. स्कॅननंतर काही तास छोटूला मांडीवर घ्यायचं नाही, अंगात थोडं रेडिएशन असतं, ते उतरत जातं.

रक्तात कॅन्सरचं मार्कर, म्हणजे कॅन्सरमध्ये वाढू शकणारा घटक, बघून घेऊ, सुईची गरज नाही, असं मामा म्हणतो ना, त्याला सांगा नुसत्या मार्करवरून निदान होत नाही.

जुने रिपोर्ट, मॅमोग्राफीच्या फिल्म, सगळं एका फाईलमध्ये ठेवा. नागपूरला जामठ्याच्या किंवा तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला दुसरं मत घ्यायचं झालं तर बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला तुकडा, हेही मागून घ्यावे लागतील.

मी आझाद हिंद गाडीचं तिकीट काढलंय, सोमवारी सकाळी घरी पोहोचते. स्टेशनवर घ्यायला येऊ नका बाबा, ऊन फार आहे, मी ऑटोनं येईन. मंगळवारी आईच्या बाजूला मी बसणार आहे.

तुमची,
ताई