आधी टॉर्च मारून बघा, मग पॅनेल बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हल्ली कॉलेजच्या पोरांचं सगळं लॅपटॉपवर असतं आणि स्क्रीन काळी पडली की आईबाप घाबरून थेट दुकान गाठतात, आणि तिथे कित्येकदा नीट न बघताच सांगतात की पॅनेल गेलंय, बदलावं लागेल. पॅनेल म्हणजे चित्र दिसतं तो स्क्रीनचा अख्खा भाग, त्याला हजारोंचा खर्च. आमच्या शेजारच्या मुलीलाही हेच सांगितलं होतं, पण तिच्या लॅपटॉपचं झाकण थोडं मिटलं की चित्र चांगलं यायचं आणि पूर्ण उघडलं की थरथरायचं, आता हे सरळसरळ बिजागरीतून जाणाऱ्या डिस्प्ले केबलचं लक्षण आहे. दुसऱ्याकडे नुसती केबल बदलली, काम झालं.

म्हणून कळकळीने लिहितोय, पैसे द्यायच्या आधी घरीच थोडं चेक करा. सगळ्यात आधी विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र दाखवायचं काम सांभाळणारं सॉफ्टवेअर) नव्याने सुरू होतो आणि कधीकधी तेवढ्यावरच भागतं. नाही झालं तर खोलीत अंधार करून स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरका मारा, आतमध्ये आयकॉन पुसट दिसले तर चित्र येतंय, फक्त मागचा बॅकलाइट बंद आहे (ओएलईडी स्क्रीनला बॅकलाइटच नसतो, तिथे ही युक्ती चालत नाही). मग एचडीएमआयने टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र चांगलं आलं तर दोष बहुतेक केबलचा नाहीतर पॅनेलचा, आणि तिथेही नीट येत नसेल तर पॅनेल बदलून काही उपयोग नाही, रॅम (मेमरी) किंवा आतला मदरबोर्ड तपासायला सांगा.

स्क्रीनवर उभ्या रेषा येत असतील तर स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर पाठवा, तिथेही रेषा दिसल्या तर गडबड ड्रायव्हर किंवा ग्राफिक्समध्ये, आणि नाही दिसल्या तर पॅनेल किंवा केबल. स्क्रीन लुकलुकत असेल तर टास्क मॅनेजर (चालू असलेली ॲप दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडा, तोही लुकलुकला तर बहुधा ड्रायव्हर, तो स्थिर राहून बाकीचं लुकलुकलं तर एखादं ॲप, आणि ॲप काढायला कुठे पैसे पडतात?

पॅनेल खरंच फुटलेलं असेल, आत काळी शाई पसरल्यासारखा डाग असेल तर बदलावंच लागतं, त्यात दुकानदाराचा काही दोष नाही. पण माझं सगळ्या रिपेअरवाल्यांना सांगणं आहे की टीव्ही किंवा मॉनिटर जोडून गिऱ्हाइकाच्या समोर दाखवा, बिलावर नेमका कुठला पार्ट बदलला ते लिहा आणि जुना पार्ट परत द्या. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलंय, तिथे वस्तूंच्या दुरुस्तीची माहिती मिळते, आणि फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे तक्रार करता येते. आपल्या पेपरात ही माहिती एकदा चौकटीत छापावी ही विनंती, परीक्षेच्या आधी छापलीत तर फार बरं होईल.

आपला,
एक वाचक, मिरज